शब्दशः ऐकणाऱ्या पोराला शिस्त लावायची कशी

आमची लेक साडेचार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आजीला काहीतरी उलट बोलली म्हणून मी डोळे मोठे करून म्हणालो, "तोंड सांभाळून बोल हां!" तर तिनं दोन्ही तळहातांनी गाल गच्च धरले, अंगठे हनुवटीखाली लावले आणि ओठांचा चंबू झालेला असताना तेच उलट वाक्य पुन्हा बोलून दाखवलं. आजी पदर तोंडात कोंबून हसायला लागली आणि माझं डोकं अजूनच सटकलं, कारण मला वाटलं ही माझी टिंगल करतेय. टिंगल वगैरे काही नव्हती हो. बाबा म्हणाला तोंड सांभाळ, तिनं सांभाळलं. आणि वरून ओरडा खाल्ला.

तुमच्या घरात असं पोर असेल, म्हणजे साधारण तीन ते सात वर्षांचं आणि बोललेला शब्द न् शब्द खरा धरणारं, तर हे तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, चिंचवडला नोकरी करणारा साधा बाप आहे, पण दोन-अडीच वर्षं यातून गेलोय. चुका भरपूर केल्यात, त्यातली एक आठवली की अजून पोटात कसंतरी होतं, ती पुढे सांगतो.

आधी बघा, पोर वात्रट आहे का नेमकं

शिक्षेचा विचार नंतर. आधी हे ठरवा की समोरचं पोर मुद्दाम करतंय का खरोखर तुमचं ऐकतंय. माझी खूण सोपी आहे. वात्रट पोर उलटं काम करताना तुमच्या तोंडाकडे बघतं, हसताय का चिडताय ते. शब्दशः ऐकणारं पोर कामाकडे बघतं आणि झालं की "झालं" म्हणून सांगायला येतं. एकदा मी म्हणालो "जा, चप्पल काढून वर ये", तर बाईंनी खाली सोसायटीच्या गेटपाशीच चप्पल काढली आणि तीन मजले अनवाणी चढून आल्या, तोंडावर कर्तव्य पार पाडल्याचा भाव. यात शिक्षा कशाची करणार?

या वयात थोडंफार असं असणं नॉर्मलच आहे. ज्याँ पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी २ ते ७ वर्षं हा वेगळा टप्पाच धरला होता, या टप्प्यात पोरं समोर जे दिसतं त्यालाच धरून चालतात. बुटक्या वाटीतलं ताक उंच पेल्यात ओता, पोर म्हणणार आता जास्त झालं. आम्ही करून बघितलंय, आणि वाद घालू नका, तुम्हीच हरता. बोलण्याचंही तसंच. माणसाच्या मनात एक आणि ओठांवर दुसरं असू शकतं हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास डोक्यात शिरायला लागतं, टोमणा टोमणा म्हणून कळायला सहा-सात वर्षं उजाडतात, आणि नीट उमगायला त्याहून जास्त. काही मोठ्या माणसांनाही अजून कळत नाही, ते सोडा.

त्यात आपली मराठी. देवासमोर नारळ फोडतो आणि म्हणतो वाढवला. बांगडी फुटली की वाढली. जेवण पण वाढतो. परवा म्हणजे होऊन गेलेला परवा का येणारा, ते क्रियापदावरून ओळखायचं, आणि पोराला तर काल आणि उद्याच अजून पक्के नसतात. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याचं पोर सुट्टीत इकडे आलं होतं आणि "आजोबांची बोलणी खावी लागतील" ऐकून म्हणालं, मला नको, माझं पोट भरलंय. घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा असेल तर पोराला आपले वाक्प्रचार कानावर कमी पडतात, मग शब्दाचा सरळ अर्थ तेवढाच हातात राहतो. इंग्लिश मिडियमच्या आपल्या पोरांचंही थोडंफार तेच.

पायरी १: आठवडाभर स्वतःचं बोलणं टिपा

हे बोअर वाटेल पण टाळू नका. मोबाईलच्या नोट्समध्ये रोज रात्री लिहायचं, आज मी पोराला रागात नेमकं काय म्हणालो. अर्थ लिहायचा नाही, वाक्य जसंच्या तसं. माझ्याकडे सात दिवसांत पन्नासच्या वर वाक्यं जमली आणि वाचून मला माझीच लाज वाटली. त्यात मला चार ढीग दिसले.

पहिला ढीग, प्रश्नासारखे दिसणारे हुकूम. "पसारा आवरशील का?" तिचं उत्तर, "नाही." "किती वेळा सांगायचं तुला?" "पाच वेळा." "कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?" "कुणीच नाही." आता ही सगळी उत्तरं प्रामाणिक आहेत बरं का, आणि प्रत्येक उत्तरावर आपण अजून चढतो, म्हणतो उलट उत्तरं देते. आपण विचारलं, तिनं सांगितलं.

दुसरा, टोमणे. वरणाची वाटी कलंडली, मी म्हणालो "सांड, अजून सांड!" तिनं उरलेलं सांडलं. आणि मग माझ्याकडे बघितलं नाही, वाटीत अजून काही शिल्लक आहे का ते बघितलं. हीच ती खूण.

तिसरा ढीग मला सगळ्यात उशिरा कळला, "करून तर बघ". "परत रिमोटला हात लावून तर बघ!" या वाक्यात "नको" कुठेच नाही हो. उलट "बघ" असा सरळ आदेश आहे. आपल्याला तो दम वाटतो कारण आपण लहानपणापासून तो आवाज ओळखतो, पोराला वाटतं परवानगी मिळाली. "जा, हवं ते कर", "नको जेवूस, राहा उपाशी" हे पण याच जातीतलं.

चौथा, धमक्या. तंगडी तोडीन, पोलिसांना देऊन टाकीन, कानाखाली आवाज काढीन, मी घर सोडून निघून जाईन. आपण हे खात मोठे झालो आणि काही झालं नाही असं माझी आई म्हणते. असेल. पण एका रात्री पांघरूण नीट करायला गेलो तर पोरीनं पाय चादरीत गच्च गुंडाळून घेतलेले, उकाडा मरणाचा, मे महिना. म्हटलं अगं पाय बाहेर काढ. तर हळूच विचारते, "बाबा, तू कुठली तंगडी तोडणार आहेस?" दुपारी दोनला बोललेलं वाक्य मी दोन वाजून एक मिनिटाला विसरलो होतो. ती रात्री दहापर्यंत त्याची तयारी करत होती.

त्या दिवसापासून धमक्या बंद. पूर्ण बंद, "थोड्या कमी" असं नाही.

पायरी २: वाक्य दुरुस्त करा, आवाज नंतर

नियम म्हटला तर एकच, जे व्हायला हवंय तेच बोलायचं. "धावू नको" ऐकून पोराला काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते कळत नाही, मग ते उड्या मारत जातं. उडी म्हणजे धावणं नाही ना. त्याऐवजी "हळू चालत ये, भिंतीच्या कडेनं." "नीट बस" म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही, "पाठ टेकून बस, पाय खाली." "चांगलं वाग" तर पाहुण्यांकडे जाताना प्रत्येक आई म्हणते, त्याचा अर्थ पोराला विचारा एकदा, मजा येईल. आमचीनं सांगितलं, चांगलं वागणं म्हणजे बिस्कीट एकच घ्यायचं.

प्रश्न काढून टाका. "आवरशील का?" नको, "ठोकळे डब्यात भर" हवं. प्रेमानं म्हणा, "बाळा" लावा, हरकत नाही, पण शेवटी प्रश्नचिन्ह नको. खरंच निवड द्यायची असेल तेव्हाच प्रश्न विचारायचा आणि मग "नाही" आलं तर ते ऐकायचं पण. नाहीतर विचारू नका.

एका वेळी एक, फार तर दोन कामं. अडीच वर्षांचं पोर साधारणपणे दोन टप्प्यांची सूचना पाळू शकतं, खेळणं ठेव आणि दार लाव, अशी. पाच वर्षांच्या पोराला "दप्तर जागेवर ठेव हातपाय धू कपडे बदल आणि खायला ये" असं एका दमात सांगितलं की ते दप्तर जागेवर ठेवून तिथेच उभं राहतं, आणि आपण म्हणतो लक्ष नसतं.

"आधी... मग..." हे माझं सगळ्यात लाडकं हत्यार. आधी दात, मग गोष्ट. आधी बूट, मग खाली. यात धमकी नाही, लालूच पण म्हणता येणार नाही, नुसता क्रम आहे. आणि असल्या पोरांना क्रम भयंकर आवडतो. फक्त "मग" म्हणालात की ते झालंच पाहिजे, बाबाला फोन आला म्हणून गोष्ट उद्या, असं केलं की महिन्याची मेहनत पाण्यात. (पाण्यात कुठल्या, असं ती विचारेल.)

वेळेचं सांगायचं तर "दोन मिनिटं थांब" हे घरातलं सगळ्यात मोठं खोटं. आपली दोन मिनिटं म्हणजे पाच ते पंचवीस काहीही. मी किचनमधला अंड्यांसाठी आणलेला चावीचा टायमर वापरतो, तो किर्र वाजला की टीव्ही बंद, आणि गंमत म्हणजे टायमरशी ती भांडत नाही, माझ्याशी भांडायची. टायमर नसेल तर "हे गाणं संपलं की" किंवा "कुकरची तिसरी शिट्टी झाली की". तिसरी म्हणजे तिसरीच, चौथी नाही, तुम्ही विसरलात तर ती येऊन सांगेल.

आणि "बघू". "बघू" म्हणजे नाही हे सगळ्या मराठी घरांना माहीत आहे, पोराला सोडून. नाही असेल तर नाही म्हणा. रडेल पाच मिनिटं, पण चार दिवस रोज सकाळी "बाबा, बघितलंस का?" असं विचारणार नाही.

पायरी ३: हुकुमाला शेवट द्या आणि एक दार उघडं ठेवा

आता ती चूक. कराडला नात्यातलं लग्न होतं, मंगल कार्यालय गच्च भरलेलं, अक्षता झालेल्या आणि पंगतीची गडबड, आणि ही इकडून तिकडे पळत होती. एकदा आचाऱ्याच्या बाजूला गेली, तिथे मोठे टोप, उकळतं तेल. मी घाबरलो, दंडाला धरून आणली, एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवली आणि दातओठ खात म्हणालो, "मी सांगेपर्यंत इथून हलायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही." आणि मग कुणीतरी हाक मारली, आहेराचं काहीतरी, पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायचं होतं, आणि मी विसरलो.

पाऊण तासानं आलो. खुर्चीवर तशीच. परकर-पोलकं ओलं, खुर्चीखाली थारोळं, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. शेजारच्या एक आजी म्हणत होत्या, "अगं सांगायचं नाही का पोरी, मी नेलं असतं की." ती गप्प. माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटलेलेच, मी अजून "बोल" म्हणालो नव्हतो ना. म्हणालो, "बोल बाळा, बोल आता." तेव्हा म्हणाली, "बाबा, हलू का?"

ती चुकली नव्हती. पूर्ण लग्नात माझं शंभर टक्के ऐकलेलं ते एकच माणूस होतं.

तेव्हापासून कुठलाही बसवून ठेवायचा हुकूम दिला तर तीन गोष्टी बोलल्याशिवाय जागा सोडत नाही. कधी संपणार: "टायमर वाजला की उठायचं." कशासाठी उठलं तर चालतं: "शू आली, काही लागलं, भीती वाटली तर उठायचं, बोलायचं, ओरडलं तरी चालेल." आणि मी नसेन तर कुणाला सांगायचं: "हिरव्या साडीतल्या मामीला." मग तिला म्हणायला लावतो, काय सांगितलं बाबानं? आपल्या शब्दांत नाही, तिच्या शब्दांत. त्यातून कुठे उलटा अर्थ गेलाय ते लगेच कळतं.

गर्दीच्या ठिकाणी जायच्या आधी आम्ही आता कागदावर चार चित्रं काढतो. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं १९९० च्या सुमारास सोशल स्टोरी ही पद्धत काढली, मुळात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठी, पण कुठल्याही नेमक्या पोराला चालते. छोटी गोष्ट, पोराच्याच तोंडची: आज आम्ही लग्नाला जाणार, तिथे खूप माणसं असतात, आवाज असतो, जेवण बनवतात तिथे गरम तेल असतं म्हणून मी तिकडे जात नाही, कंटाळा आला तर बाबाचा हात धरते. चित्रं माझी भयानक असतात, माणसं सगळी बटाट्यासारखी. चालतं.

पायरी ४: परिणाम खरा, छोटा आणि लगेचचा

इथे लोकांचा गैरसमज होतो की असल्या पोराला शिस्त लावायचीच नाही. लावायची की. उलट माझ्या मते ही पोरं शिस्तीला सगळ्यात सोपी, कारण एकदा नियम खरा वाटला की ती तो पाळतात आणि तुम्हालाही पाळायला लावतात. अवघड असतं ते आपल्याला, कारण बोललेलं करावं लागतं.

भिंतीवर स्केचपेन चालवलं. "भिंतीवर रेघोट्या मारायच्या नाहीत" असं म्हटलं, दुसऱ्या दिवशी फ्रिजवर. फ्रिज म्हणजे भिंत नाही. मग नियम असा केला, "स्केचपेन फक्त कागदावर. कागदाबाहेर गेलं तर पेन उद्या सकाळपर्यंत कपाटावर, आणि तू ओल्या फडक्यानं पुसायचं." कागदाबाहेर गेलं. पेन कपाटावर ठेवलं, फडकं दिलं, बोललो काहीच नाही. रडली. सकाळी उठल्या उठल्या "सकाळ झाली" म्हणून हात पुढे केला, आणि मी पेन दिलं. तिथे "अजून एक दिवस राहू दे, अद्दल घडेल" असं आमच्या घरातून सुचवलं गेलं होतं. नाही. सकाळ म्हणालो होतो.

परिणाम चुकीशी जोडलेला हवा. पाणी सांडलं तर पुसायचं, वस्तू फेकली तर ती काही वेळ मिळणार नाही. पाणी सांडलं म्हणून शनिवारची बाग रद्द, याचा तिला काही संबंध लागत नाही, आणि शनिवारपर्यंत ती ते रोज विचारत बसते.

कोपऱ्यात बसवण्याबद्दल. लोक वयाच्या वर्षाला एक मिनिट असा हिशोब सांगतात, तो ठीक आहे, पण "बस आणि विचार कर" म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं, केलास विचार? म्हणाली, "हो, जिराफाचा." आता मी म्हणतो, "इथे बसून आपण शांत होऊया, मग बोलू", आणि बऱ्याचदा मीच शेजारी बसतो कारण शांत व्हायची गरज कुणाला असते ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

धपाट्याबद्दल एकच सांगतो. "मारायचं नाही!" असं म्हणत पाठीत धपाटा घातला की नेमक्या पोराच्या डोक्यात दोन गोष्टी जातात आणि त्यातली एक खोटी ठरते. कुठली खोटी ते ती बघून ठरवते, ऐकून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये मारण्याच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली, पण मला त्याआधी लेकीनंच विचारलं होतं, "मग तू का मारलंस?" उत्तर नव्हतं.

आणि एक, माफी. "सॉरी म्हण" म्हटलं की ती "सॉरी म्हण" म्हणते. ती चेष्टा नाही. "भाऊला सांग, तुझी गाडी तोडली, मला वाईट वाटतंय" असं पूर्ण वाक्य द्या, आणि तिला वाईट वाटत नसेल तर ते वाक्य देऊ नका, "चिकटवायला मदत करते" हे द्या. ते खरं होऊ शकतं.

पायरी ५: नियमाचा अपवाद नियमाबरोबरच सांगा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई नको.

"मोठ्यांचं सगळं ऐकायचं." आपल्याकडे हे संस्कार म्हणून शिकवतात, पण सगळं म्हणजे सगळं असं समजणाऱ्या पोराला हे शिकवणं धोक्याचं आहे, उद्या कुणी काहीही सांगेल. आमच्याकडे नियम असा आहे: आई, बाबा, आजी आणि टीचर यांचं ऐकायचं, पण कुणीही, यातलं कुणीही, दुखेल असं करायला सांगितलं, चड्डीच्या आतल्या जागेला हात लावला किंवा "घरी सांगू नको" म्हणालं, तर त्याचं ऐकायचं नाही आणि पळत येऊन सांगायचं. (डॉक्टरांचा अपवाद वेगळा सांगितला, आई-बाबा खोलीत असताना.) १०९८ हा अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर तिला कवितेसारखा पाठ आहे, दहा-नव्व्याण्णवच्या आधीचा, असं ती सांगते.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही." मग शाळेत नवीन टीचर आल्या तेव्हा आठवडाभर तोंड उघडलं नाही. बरोबरच आहे की, अनोळखी. म्हणून आता: "आई किंवा बाबा ओळख करून देतील त्यांच्याशी बोलायचं, शाळेच्या आत टीचरशी बोलायचं. हरवलीस तर दुकानाच्या काउंटरवरच्या माणसाला किंवा पोलिसांना सांगायचं." पोलिसांना देऊन टाकीन ही धमकी का सोडायची, ते इथे कळतं. जिथे मदत मागायची त्यांनाच आपण बागुलबुवा केलेलं असतं.

"खोटं बोलायचं नाही." याची फळं आत्याच्या तोंडावर मिळाली, "आई म्हणाली तुम्ही आलात की तिचं डोकं उठतं." पुढचा अर्धा तास मी वर्णन करत नाही. पोराला खोटं बोलायला शिकवू नका, "विचारलं नसेल तर दुसऱ्याचं बोलणं सांगायचं नाही" एवढं पुरतं. आणि मुख्य म्हणजे पोरासमोर डोकं उठू देऊ नका.

घरातली बाकीची मंडळी

आईबाप सुधारतील, आजी-आजोबांचं काय? माझ्या आईचं बोलणं म्हणजे दर वाक्याला म्हण, आणि ते मला स्वतःला इतकं आवडतं की बंद कर म्हणवत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की शिस्तीच्या वेळेला म्हण नको, गप्पांच्या वेळेला हवी तेवढी. ओरडताना सरळ बोल, नंतर मांडीवर घेऊन "नाचता येईना अंगण वाकडं" काय ते सांग. तिला पटलं, कारण तंगडीवाली रात्र मी तिलाही सांगितली होती.

पाहुणे, शेजारी, वॉचमनकाका, "तुझ्या आईला घेऊन जाऊ का आमच्याकडे?" अशी गंमत करणारे काका सगळ्या सोसायटीत असतात. त्यांना सुधारत बसू नका. पोराला लगेच बाजूला घेऊन सांगा, काका गंमत करतायत, आई कुठेही जात नाही. "गंमत" हा शब्द शिकवून ठेवा, आमची आता समोरच्यालाच विचारते, "गंमत आहे का खरं?" माणसं जरा चपापतात, चांगलं आहे.

शाळेत वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका. आमच्या एका टीचरनी वर्गाला "फिंगर ऑन युअर लिप्स" म्हटलं आणि सोडायला विसरल्या, बाकीची पोरं दोन मिनिटांत सुटली, ही व्हॅनमधून घरापर्यंत ओठांवर बोट ठेवून आली. मी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली: सूचना सरळ द्या, संपली की संपली म्हणा, टोमणा कळत नाही, उलट उत्तर वाटलं तर एकदा तपासा. त्यांनी वहीत चिकटवून ठेवली. सगळ्या शाळा एवढ्या समजूतदार नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, वर्गासमोर टिंगल होत असेल तर मुख्याध्यापकांना भेटताना हे माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

नुसतं शब्दशः ऐकतं म्हणून ऑटिझम होत नाही, गूगल करून रात्र जागवू नका. (मी जागवलीय.) पण त्याबरोबर बाकीच्या गोष्टी असतील तर थांबू नका: हाक मारली तर बघत नाही, नजर देत नाही, बोटानं वस्तू दाखवत नाही किंवा दाखवत नव्हतं, भातुकलीसारखं खोटं-खोटं खेळत नाही, तीच हालचाल परत परत, छोटा बदल झाला तरी आकांत, येणारं बोलणं गेलं. ऐकू नीट येतंय का हेही तपासून घ्या, अर्धवट ऐकू येणारं पोर हट्टी वाटतं. बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते गरज वाटली तर पुढे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधून ० ते १८ वयाची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) नावाची केंद्रं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम धरलेला आहे, म्हणजे प्रमाणपत्र, सवलती सगळं मिळू शकतं. निदान झालं तर वरच्या पायऱ्या फुकट जात नाहीत, त्याच जास्त नेमानं कराव्या लागतात.

शेवटची पायरी: वाक्प्रचारांची वही

हे शिस्तीच्या वेळेत करायचं नाही, रविवारी दुपारी वगैरे. एक जाड वही, डाव्या पानावर शब्दशः चित्र, उजव्या पानावर खरा अर्थ. डावीकडे एक पोरगी आजीच्या डोक्यावर मिरी वाटतेय, उजवीकडे एक पोरगी आजीचं ऐकत नाहीये. डावीकडे माणूस हातावर तुरी देतोय, उजवीकडे चोर पळतोय. चित्रं तिनंच काढायची. सव्वाशेच्या वर झालेत आता, आणि त्यातून तिला हे कळलं की बोलण्याला दोन पानं असतात. हल्ली ऐकताना मध्येच विचारते, डावं का उजवं?

एका नोंदीवर मात्र वाद झाला. रोज सकाळी मी निघताना "येतो" म्हणायचो, आपल्याकडे म्हणतातच, आणि ती लहान असताना दारात उभी राहायची, बाबा येतोय म्हणून. मी "जातो" म्हणायला लागलो. आईनं दुसऱ्याच दिवशी कपाळाला हात लावला, सकाळी सकाळी अभद्र काय बोलतोस. नात म्हणाली, पण जातोच आहे ना तो. दोघी अडून बसल्या, दोन्ही पानं भरून झाली तरी मिटेना. शेवटी आईनंच तिच्या आजोबांची आठवण काढली, ते म्हणे कधीच नुसतं "येतो" म्हणायचे नाहीत. आता मी पायात बूट घालताना म्हणतो, "जाऊन येतो गं, साडेसात." वाकडच्या सिग्नलला अडकलो तर साडेसातच्या आधी फोन करतो, कारण सात पंचवीसला ती खिडकीत असते.